होंडा सीएल-७२ : सायलेन्सर वर उचलण्याआधीची गोष्ट

काळीमाती

नमस्कार मंडळी,

सध्या आपल्या सोलापुरात विजापूर रोड घ्या नाहीतर अशोक चौक, कुठल्याही गॅरेजात थोडा वेळ उभं राहिलं की एखादा पोरगा जुनी गाडी घेऊन "स्क्रॅम्बलर करून द्या" म्हणत आलेला दिसतोच. मागचं मडगार्ड कापायचं, ठोकळ्यांचे टायर टाकायचे, रुंद हँडल लावायचं आणि सायलेन्सर वर उचलायचा. झाली स्क्रॅम्बलर. मला या गाड्यांचं वेड लहानपणापासून आहे आणि ही यादी ऐकली की जीव हळहळतो. यातली एकेक गोष्ट कुणीतरी एका ठरावीक अडचणीवर तोड म्हणून काढली होती. ती अडचण समजून घेतली तर आपल्या गाडीला हात लावायचा की नाही, हेही आपोआप कळेल. म्हणून एकाच मॉडेलची गोष्ट नीट सांगतो. होंडा सीएल-७२, साल १९६२.

स्क्रॅम्बल हा शर्यतीचा प्रकार मूळचा इंग्लंडचा. १९२४ साली सरे परगण्यातल्या कॅम्बर्लीच्या माळावर अशी पहिली शर्यत झाली. खड्डे, चढ, चिखल, काय असेल त्यातून जायचं आणि आधी पोचेल तो जिंकला. पुढे युरोपात त्याचंच मोटोक्रॉस झालं. पण या कामाची गाडी, म्हणजे स्क्रॅम्बलर, कारखान्यातच तयार करून शोरूममध्ये विकायचा व्यवहार खऱ्या अर्थानं वाढला तो अमेरिकेत, दुसऱ्या महायुद्धानंतर. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात लोक ट्रायम्फ, बीएसए, मॅचलेस अशा ५०० आणि ६५० सीसीच्या विलायती गाड्यांचे दिवे आणि पत्रे उतरवून शर्यती करायचे. गाड्या दणकट होत्या, पण जड होत्या, तेल गळायच्या आणि सतत पाना हातात घ्यावा लागायचा.

होंडानं लॉस एंजेलिसमध्ये अमेरिकन होंडा कंपनी काढली ती १९५९ ला. विकायला होती मुख्यतः ५० सीसीची छोटी गाडी. वाळवंटात ट्रायम्फ पळवणारी माणसं जपानी गाडीला खेळणं समजत. पण होंडाकडे सीबी-७२ नावाची एक गाडी होती, अमेरिकेत तिला 'हॉक' म्हणायचे. २४७ सीसी, दोन सिलिंडर, बोअर (सिलिंडरची रुंदी) ५४ मिमी आणि स्ट्रोकही (पिस्टनची चाल) ५४ मिमी, व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट वर डोक्यात, आणि मिनिटाला ९००० फेऱ्यांना २४ हॉर्सपॉवर. विलायती गाड्यांची इंजिनं सहा-साडेसहा हजाराला दम टाकायची त्या काळात हे आकडे आहेत. शिवाय क्रँककेसची (इंजिनाच्या खालच्या पेटीची) जोडणी उभी न ठेवता आडवी ठेवल्यामुळे इंजिनाखाली तेलाचा थेंब पडत नसे.

आता मुद्द्याची गोष्ट. या इंजिनाची स्क्रॅम्बलर करताना होंडानं काय काय केलं?

सगळ्यात मोठा बदल फ्रेममध्ये. सीबी-७२ ला पुढून खाली उतरणारी नळीच नाही. इंजिन हाच फ्रेमचा एक भाग, ते वरून टांगलेलं. डांबरी रस्त्यावर हे फार छान चालतं. पण दगडावर गाडी आदळली तर मार थेट इंजिनाच्या ॲल्युमिनियमला बसणार. म्हणून सीएल-७२ साठी वेगळी फ्रेम काढली. पुढून नळी खाली आली, इंजिनाखालून फिरून मागे गेली, आणि त्याखाली एक जाड पत्रा ठोकला. म्हणजे इंजिन पाळण्यात बसलं. हा खर्चाचा बदल आहे. नवी फ्रेम म्हणजे नवे जिग (नळ्या धरून जोडायचे साचे), नवं वेल्डिंग, सगळं नवं. नुसतं दाखवायचं असतं तर कुठल्याही कंपनीनं हा खर्च केला नसता.

चाकं १८ इंचांवरून १९ ची केली, पुढची आणि मागची दोन्ही. मोठं चाक खड्ड्यात कमी शिरतं. गिअरिंग खाली आणलं, म्हणजे वरचा वेग थोडा गेला पण चढाला ओढ आली. सेल्फ स्टार्टर काढून टाकला. मोटर, मोठी बॅटरी, तेवढं वजन कमी. हँडल रुंद आणि त्याला मध्ये आडवी दांडी. आणि दोन्ही सायलेन्सर पाइप डाव्या बाजूनं वर उचलून, एकमेकांना समांतर, मागच्या चाकापर्यंत नेले. ते खाली असते तर दगडाला लागून चेपले असते, पाण्यात बुडाले असते. सुरुवातीच्या गाड्यांना त्या पाइपांवर मफलर, म्हणजे आवाज दाबणारा डबा, असा नव्हताच, त्यामुळे आवाज कानठळ्या बसवणारा.

इतकं करूनही गाडी दीडशे किलोच्या वर भरायची आणि सस्पेन्शनची चाल आजच्या मानानं अगदी तोकडी. वाळवंटवाल्यांचा विश्वास बसेना. तेव्हा अमेरिकन होंडाचा विक्रीप्रमुख जॅक मॅकॉर्मॅक यानं ठरवलं की ही गाडी काय चीज आहे ते दाखवूनच द्यायचं. तो त्या काळातला वाळवंटी शर्यतींचा बादशहा बड एकिन्स याच्याकडे गेला. बड ट्रायम्फचा डीलर, त्याला होंडा चालवून कसं चालेल? त्यानं आपल्या धाकट्या भावाचं, डेव्ह एकिन्सचं नाव पुढे केलं. जोडीला बिल रॉबर्टसन ज्युनिअर, ज्याच्या वडिलांची हॉलिवूडमध्ये होंडाची एजन्सी होती.

मार्च १९६२. मेक्सिकोचा बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्प. वर तिहुआना, खाली ला पाझ, मध्ये साडेनऊशे मैलांच्या आसपास अंतर, म्हणजे दीड हजार किलोमीटर. आपल्या सोलापूरहून दिल्ली गाठावी एवढं. फरक असा की थोडा भाग सोडला तर रस्ताच नाही. वाळू, दगडगोटे, कोरडे ओढे, आणि दोन वस्त्यांमध्ये मैलोन्मैल माणूस नाही. वर एक छोटं विमान पेट्रोल घेऊन ठरलेल्या जागी उतरायचं. डेव्ह एकिन्स ला पाझला पोचला तेव्हा चाळीस तास व्हायला काही मिनिटं कमी होती. रॉबर्टसनच्या इंजिनाचं एक सिलिंडर वाटेत निकामी झालं. तो शेवटचा टप्पा उरलेल्या एका सिलिंडरवर ओढत तासाभरानं पोचला.

मला या सगळ्यात रॉबर्टसनची गाडी जास्त महत्त्वाची वाटते. पहिला आला ते ठीकच. पण २५० सीसीचं इंजिन अर्धं मेल्यावरसुद्धा वाळूतून माणसाला घेऊन मुक्कामाला पोचतं, ही खरी परीक्षा.

बाकी चर्चेत लिहितो. विचारा.

अक्षरवेल

फार सुंदर लिहिलंय. मला गाड्यांतलं काही कळत नाही, पण एक शंका. १९६२ मध्ये मोबाईल नाही, उपग्रह नाही. इतक्या निर्जन भागात ते खरंच एवढ्या वेळात गेले हे कुणी कसं मानलं? कंपनीनं जाहिरातीसाठी काहीही छापलं असतं.

काळीमाती

अक्षरवेल ताई, अगदी योग्य प्रश्न. त्यांनी त्यावर तोड काढली होती तारेची. निघताना तिहुआनाच्या तार ऑफिसात जाऊन तार केली, तिच्यावर वेळेचा शिक्का. ला पाझला पोचल्याबरोबर तिथल्या तार ऑफिसातून दुसरी तार, तिच्यावरही शिक्का. दोन सरकारी कागदांमधला वेळ म्हणजे प्रवासाचा वेळ. कुणाच्या घड्याळावर विश्वास ठेवायची गरज नाही. आपल्याकडेही तेव्हा माणूस गावाला सुखरूप पोचल्याची खूण तारच होती.

आणि जाहिरात म्हणाल तर होय, ती होतीच. मॅकॉर्मॅकला गाड्या विकायच्या होत्या. पण त्यानं जाहिरातीसाठी निवडलेली कसोटी खोटी नव्हती, आणि तिथेच मला त्या माणसांबद्दल आदर वाटतो.

सिलिकॉन_सोलापुरी

मूळचा साखर पेठेतला, सध्या कॅलिफोर्नियात. हा धागा वाचून राहवलं नाही.

आमच्या गल्लीत एक म्हातारे गृहस्थ आहेत, त्यांच्या गॅरेजात चंदेरी-काळी सीएल-७२ आहे. त्यांनी मला ती एकदा चालू करून दाखवली. काळीमातींनी पाइपांबद्दल लिहिलंय त्यात थोडी भर घालतो. ते दोन पाइप डाव्या मांडीच्या आणि पोटरीच्या आतून जातात. त्यावर भोकं पाडलेला पत्रा असतो, पाय भाजू नये म्हणून. पत्रा पाइपाला थेट टेकत नाही, मध्ये बोटभर फट ठेवलेली असते, त्यातून हवा जाते. जुन्या गाडीत पाइप जिथे वाकतो तिथे निळसर-सोनेरी डाग पडलेले दिसतात, तिथलं क्रोम तापून तापून रंग बदलतं. ते गृहस्थ हे डाग पॉलिश करून काढू देत नाहीत.

सुरू झाल्यावर आवाज एकसारखा येत नाही. दोन ठोके जवळजवळ, मग थोडी मोकळी जागा, पुन्हा दोन ठोके. कारण या इंजिनात दोन पिस्टन बरोबरीनं वरखाली होत नाहीत, एक वर जातो तेव्हा दुसरा खाली. क्रँक म्हणजे पिस्टननं फिरणारा दांडा, तो इथे १८० अंशांचा. होंडाच्याच 'ड्रीम' गाडीत ३६० अंशांचा होता, म्हणजे दोन्ही पिस्टन बरोबरच वरखाली, तिचा आवाज सरळ. १८० मध्ये वर-खालीचा धक्का एकमेकांना बराच खातो, म्हणून जास्त फेऱ्यांना इंजिन मोकळं फिरतं.

दुसरं, बाहाच्या रस्त्यानं मी कारनं गेलोय. आता हायवे आहे, डांबरी, पण तो पूर्ण झाला १९७३ मध्ये. म्हणजे एकिन्स गेला त्यानंतर तब्बल ११ वर्षांनी. कातावीन्या नावाची जागा लागते, हत्तीएवढाले गोल दगड एकावर एक, आणि त्यांच्यामधून उभे निवडुंग. हायवे सोडून शंभर पावलं आत गेलो तर बूट घोट्यापर्यंत वाळूत. त्यातून दीडशे किलोची गाडी, पातळ टायर, रात्रीच्या वेळी, ६ व्होल्ट की १२ व्होल्ट काय असेल त्या मिणमिणत्या दिव्यावर. मी तिथे बराच वेळ नुसता उभा राहिलो होतो.

जावावाला_नातू

काळीमाती दादा, तुमचा धागा माझ्यासाठीच आहे असं वाटतंय.

आमच्या घरी आजोबांची जावा २५० आहे. म्हैसूरच्या आयडियल जावाची, रजिस्ट्रेशन १९६८ चं. आजोबा यंत्रमागाचे जॉबर (माग दुरुस्त करणारे) होते, याच गाडीवर होटगी, अक्कलकोट करायचे. वारले तेव्हापासून गाडी उभी आहे. इंजिन फिरतंय. मला तिची स्क्रॅम्बलर करायची आहे. एका गॅरेजवाल्यानं चाळीस हजार सांगितले: पाइप वर, मडगार्ड कापून, १९ चं पुढचं चाक, सीट छोटी. घरी आईचा विरोध आहे. मी मुद्दाम विचारतोय, करू का?

पूर्वभाग

नातवा, थांब की बे. ते चाळीस हजार खिशातच राहू दे.

मी गॅरेज चालवतो, वडीलही मिस्त्रीच होते, जावा-यझदी आणि राजदूत यांच्यावरच आमचं घर चाललं. तर नीट ऐक.

काळीमाती साहेबांनी सांगितलेली होंडा फोर-स्ट्रोक. तिच्यात व्हॉल्व्ह आहेत. धूर बाहेर गेला की दार बंद. पाइप थोडा वर-खाली, लांब-आखूड झाला तरी इंजिन चालतं, थोडाफार फरक पडतो. तुझी जावा टू-स्ट्रोक. तिच्यात व्हॉल्व्ह नाहीत, सिलिंडरला नुसती भोकं. पिस्टन खाली आला की धुराचं भोकही उघडं आणि ताज्या पेट्रोलचंही. धुरामागोमाग ताजं पेट्रोलही बाहेर पळू बघतं, त्याला अडवायचं काम करतो पाइप आणि सायलेन्सर. आत जाऊन आपटून परत येणारा दाब वेळेवर आला पाहिजे. पाइपाची लांबी, सायलेन्सरची जाडी, आतलं बॅफल (आवाज अडवणारी नळी), हे सगळं त्या वेळेचं गणित आहे. वेल्डिंगवाल्यानं डोळ्यानं बघून पाइप वाकवला की ते गणित मोडलं. मग गाडी खालच्या फेऱ्यांना ओढत नाही, प्लग काळा, पेट्रोल पिते, आणि गॅरेजवाला म्हणतो कार्ब्युरेटर बदला.

शिवाय जावाला सिलिंडर एक आणि पाइप दोन, एक डाव्या अंगाला, एक उजव्या. दोन्ही वर उचलायचे म्हणजे दोन्ही मांड्या भाजणार. आणि डाव्या बाजूला किक आहे हे विसरलास? जावाचा गिअरचा लिव्हर आणि किक एकच. लिव्हर आत दाबून वर फिरवायचा, मग तीच किक. ती मारताना पाय ज्या रेषेत खाली येतो तिथूनच तुझा वर उचललेला पाइप जाणार. सकाळी थंड गाडीला चालेल. दुपारी सात रस्त्याच्या सिग्नलला बंद पडली, ऊन ४२-४३ चं, पाइप लालबुंद तापलेला, मग किक मारून बघ.

आणखी एक. जावाची चेन पूर्ण बंद पेटीत असते, पुढून मागेपर्यंत. ही स्क्रॅम्बलर करणारी मंडळी ती पेटी पहिली काढतात, "लूक" येत नाही म्हणून. आपल्या मंगळवेढ्याकडच्या काळ्या मातीत, नाहीतर उन्हाळ्यात मुरुमाच्या धुळीत, उघडी चेन काही महिन्यांत सैल होते, दातरे झिजतात. पेटीतली चेन वर्षानुवर्षं जाते. धुळीच्या रस्त्यावर कसं टिकायचं ते जावानं आधीच केलेलं आहे. ते काढून तू त्याला खडतर रस्त्याची गाडी म्हणणार?

आई बरोबर बोलत्या आहेत.

धूळवाट

पूर्वभाग यांच्या तांत्रिक मुद्द्यांना पूर्ण सहमती. पण मूळ लेखाच्या सुराबद्दल थोडं वेगळं मत मांडतो.

दिखावा म्हणजे काहीतरी कमी दर्जाचं असं धरून चालणं मला पटत नाही. १९६२ मध्येच इटलीच्या डुकाटी कंपनीनंही स्क्रॅम्बलर काढली. अमेरिकेतल्या बर्लिनर बंधूंच्या आयात कंपनीनं मागितली म्हणून, २५० सीसी, एक सिलिंडर, डुकाटीचा इंजिनिअर फाबिओ ताल्योनी याचं इंजिन. पुढे ३५० आणि ४५० पण आल्या, १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालल्या. त्यातल्या किती वाळवंटात गेल्या? इटलीत तर पोरं ती समुद्रकिनाऱ्यावर फिरवायला घ्यायची. तरी ती गाडी लोकांच्या मनात बसली, इतकी की २०१४ मध्ये डुकाटीनं तेच नाव पुन्हा आणलं. होंडानंही २०२३ मध्ये सीएल नाव परत आणलं. आपल्याकडे यझदी स्क्रॅम्बलर २०२२ मध्ये आली. लोकांना रूप आवडतं, यात वावगं काय?

एखाद्याला कॉलेजला जायला उंच हँडलची, मोकळी दिसणारी गाडी हवी असेल तर त्याला बाहाचा दाखला विचारू नये असं माझं मत.

काळीमाती

धूळवाट, तुमचा मुद्दा मान्य. रूप आवडणं हा काही गुन्हा नाही. कंपनीनं तशी बनवलेली गाडी घ्यावी, मजेत चालवावी. माझा आक्षेप कापाकापीला आहे, आणि रूपाच्या मागे लागलं की गाडीचं काय होतं हे सीएलच्याच पुढच्या आयुष्यात दिसतं. ते मूळ लेखात राहून गेलं, इथे लिहितो.

१९६५ मध्ये सीएल-७७ आली. तेच, पण बोअर ६० मिमी करून ३०५ सीसी. चांगली गाडी. ती थांबल्यावर १९६८ मध्ये सीएल-३५० आली, आणि खपाच्या दृष्टीनं ती सीएल-७२ च्या कितीतरी पुढे गेली. पण नीट बघा. सीएल-३५० ची फ्रेम म्हणजे सीबी-३५० चीच फ्रेम. वेगळा पाळणा नाही. पुढे सेल्फ स्टार्टरही परत आला. उरलं काय? वर उचललेले पाइप, रुंद हँडल, टाकीचा रंग. म्हणजे ७२ मध्ये आधी फ्रेम बदलली आणि पाइप त्यामागून वर गेले. ३५० मध्ये नुसते पाइप वर गेले. नाव तेच राहिलं.

आणि त्याच १९६८ मध्ये यामाहानं डीटी-१ आणली. २४६ सीसी, एक सिलिंडर, टू-स्ट्रोक, वजन सीएल-७२ पेक्षा चाळीसेक किलोनं कमी. हिचं इंजिन, फ्रेम, सस्पेन्शन, सगळं मातीच्या रस्त्यासाठी पहिल्यापासून आखलेलं, आणि तरी दिवे, नंबरप्लेट लावून कामावर जाता येईल अशी. ती आल्यावर रस्त्याच्या गाडीला मातीत नेण्याची गरजच संपली. होंडालाही हे कळलं. त्यांनी १९७२ मध्ये एक्सएल-२५० काढली, एक सिलिंडर, चार व्हॉल्व्ह, फोर-स्ट्रोक. सीएलचा वंश सीएल-३६० पर्यंत आला आणि १९७० च्या दशकाच्या मध्याला थांबला.

म्हणून मी म्हणतो, ७२ ही त्या वंशातली सगळ्यात प्रामाणिक गाडी. तिच्यात अडचणी खूप होत्या. ब्रेक कमजोर, वजन जास्त, पाय भाजायचा. पण तिच्यावरची एकही वस्तू विनाकारण नव्हती.

सिलिकॉन_सोलापुरी

बाहाबद्दल एक भर. एकिन्सच्या त्या प्रवासानंतर बाकीच्यांनाही चेव आला. लोक तो वेळ मोडायला निघू लागले, कुणी मोटारसायकलवर, कुणी बग्गीत. शेवटी १९६७ च्या शरदात एड पर्लमन यांच्या नोरा या संघटनेनं रीतसर शर्यतच भरवली, मेक्सिकन १०००. आज जगभर जी बाहा १००० म्हणून ओळखतात तीच. म्हणजे २५० सीसीच्या गाडीच्या विक्रीसाठी पाठवलेल्या दोन तारांमधून ही शर्यत उभी राहिली.

जुना_परवाना

जावावाला_नातू यांच्यासाठी कायद्याची बाजू लिहितो. भावनेचा विषय बाजूला ठेवून वाचा.

एक. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच सांगितलं. त्यामुळे फ्रेमला करवत लावलेली गाडी रस्त्यावर पकडली गेली तर आरसीवरची (नोंदणीच्या कागदावरची) गाडी आणि समोरची गाडी वेगळी ठरते. फिटनेस, विमा, सगळीकडे अडचण.

दोन, आणि हे तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचं. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते. तुमची १९६८ ची गाडी यात बसते. पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चॅसी, बॉडी आणि इंजिन यात मोठा फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुनर्नोंदणीची ५,०००, मुदत १० वर्षं. आधीचा नंबर असेल तर तो कायम ठेवता येतो, नवीन घेतला तर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं एवढ्यासाठी रस्त्यावर आणता येते.

म्हणजे चाळीस हजार खर्च करून तुम्ही कायमची जी गोष्ट घालवाल ती पुन्हा कितीही पैसे दिले तरी मिळणार नाही. कापलेलं मडगार्ड नवीन आणता येईल. कापलेली फ्रेम मूळ होत नाही.

अक्षरवेल

नातू, एक विचारू? आजोबांचं त्या गाडीवरचं काही सामान अजून गाडीवर आहे का? पिशवी अडकवायचा हूक, काही?

जावावाला_नातू

ताई, आहे. हँडलच्या खाली त्यांनी स्वतः गिरणीच्या लेथवर बनवून घेतलेला पितळी हूक आहे. कडक भाकरीची शिदोरी त्याला अडकवून दुसऱ्या पाळीला जायचे. त्या गॅरेजवाल्याच्या यादीत "जुने ब्रॅकेट काढणे" असं होतं, त्यात तोही गेला असता.

सगळ्यांचे मनापासून आभार. मी गाडी कापत नाही. आईला आत्ताच सांगितलं. आता मूळ स्वरूपात चालू करायची आहे. पूर्वभाग अण्णा, सुरुवात कुठून करू? टाकीत गंज असणार, बरीच वर्षं उभी आहे. आणि एक शंका: जावानं कधी खरोखर मातीत काही केलं आहे का, की ती नुसती रस्त्याचीच?

धूळवाट

केलंय की! इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायल ही सहा दिवसांची खडतर स्पर्धा. त्यातली मुख्य ट्रॉफी चेकोस्लोवाकियाच्या संघानं कितीतरी वेळा जिंकली, १९७० ते १९७४ तर सलग पाच वर्षं, आणि त्या संघाच्या गाड्या जावाच्याच असायच्या. अर्थात त्या स्पर्धेसाठी खास बांधलेल्या होत्या, तुमच्या आजोबांच्या गाडीचं इंजिन तसंच्या तसं नव्हे. पण घराणं तेच. १९२९ मध्ये फ्रांतिशेक यानेचेक यांनी वांडरर कंपनीच्या गाडीचे हक्क घेऊन सुरू केलेलं.

त्यामुळे तुमच्या गाडीला मर्दानी दिसण्यासाठी दुसऱ्या कुणाचे कपडे घालायची गरज नाही. इथे मी काळीमातींच्या बाजूला आलो.

काळीमाती

नातू, फार बरं वाटलं वाचून. गाडी चालू झाली की फोटो टाका, हुकाचाही.

एक विनंती. १६ इंची चाकं काढून मोठी टाकण्याचा मोह पुन्हा होईल, लोक सांगतील. तुमच्या गाडीचं सगळं गणित त्या १६ इंचांवर बसवलेलं आहे. होंडानं १९ केली तेव्हा फ्रेमही बदलली होती, हे लक्षात असू द्या.

पूर्वभाग

नातवा, सुरुवात अशी कर. गाडीला आत्ता अजिबात किक मारू नकोस. आधी प्लग काढ, भोकातून थोडं टू-टी तेल सोड, आणि रात्रभर तसंच राहू दे. मग गाडी गिअरमध्ये टाकून मागचं चाक हातानं हळू फिरव, पिस्टन वर-खाली झाला पाहिजे. अडकला तर जोर लावायचा नाही, सिलिंडर उतरवावा लागेल.

टाकी रिकामी करून आण. आत गंजाचे पापुद्रे असतील तर बारीक नट आणि डिझेल घालून हलवून धुवायची. ॲसिड ओतून देतो म्हणणाऱ्याकडे नेऊ नकोस, जुना पत्रा आहे, भोकं पडतील. दोन्ही सायलेन्सरची मागची टोपी खोलून आतलं बॅफल बाहेर काढ. एवढ्या वर्षांचा कार्बन डांबरासारखा घट्ट झालेला असणार. ते मी भट्टीवर जाळून झाडून देतो, तू ठोकत बसू नकोस, चेपतं.

क्रँकची सीलं मात्र नवीन टाकावी लागतील, उभ्या गाडीची ती कडक होतातच. ती मिळतात अजून. बाकी बोअर मोजल्यावर बघू, नवीन बोअर मारायची की जुनीच चालते. ये रविवारी सकाळी, दहाच्या आत. आणि तो पितळी हूक घरून निघताना कापडात गुंडाळून खिशात ठेव, गॅरेजात हरवायला नको.